खंबाटकीत बंद पडणारी पद्मिनी

प्रश्न विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी: वडिलांची १९९२ ची प्रीमियर पद्मिनी पुण्यात आहे, गाव वाईजवळ. पुण्यातून निघाल्यावर गाडी खुशाल चालते आणि खंबाटकीचा चढ लागला की मधेच बंद पडते. अर्धा तास उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होते. तीन गॅरेज झाली. कार्ब्युरेटर नवा, पेट्रोल पंप नवा, कॉइल नवी, प्लग दोनदा बदलले. चाळीस हजारांच्या वर खर्च झाला आणि गेल्या रविवारी गाडी पुन्हा त्याच वळणावर उभी राहिली. वहिनी म्हणतात, भंगारात द्या. यांना विचारायचंय की ठेवू का विकू, आणि ठेवली तर ही कटकट कधी संपणार.

मी साताऱ्यात पस्तीस वर्षं हेच काम करतोय. खंबाटकीच्या चढावर उभ्या राहिलेल्या किती फियाटा (पद्मिनीला आम्ही फियाटच म्हणतो) ओढून आणल्या त्याची मोजदाद नाही. त्यामुळे आधी एक सांगतो. तुमची गाडी म्हातारी झाली म्हणून बंद पडत नाही. तुम्ही बदललेल्या चार गोष्टींपैकी एकही बहुतेक बिघडलेली नव्हती, आणि आता त्या जागी बसवलेल्या नव्या मालात एखादी खरोखर खराब असू शकते. म्हणजे आधी एक रोग होता, आता कदाचित दोन आहेत. जुन्या गाड्यांचा जो वैताग येतो त्यातला निम्म्याहून अधिक हा असा आधीच्या दुरुस्त्यांचा असतो. माझ्याकडे येणाऱ्या गाडीत मी पहिले दोन तास कंपनीनं केलेलं काम बघत नाही, माझ्या आधीच्या मिस्त्र्यांनी काय करून ठेवलंय ते शोधतो. त्यातलं काही माझंच वीस वर्षांपूर्वीचं निघालं तर पोऱ्यांना चहा पाजून गप्प करतो.

आता घाटाचं. गाडी बंद पडते ती कशी, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर आहे. बटण दाबल्यासारखी झटक्यात बंद पडते, की आधी ओढ कमी होते, दोन-चार आचके बसतात, पाय दाबला तरी धापा टाकते आणि मग मरते? पहिला प्रकार असेल तर करंट जातोय. दुसरा असेल तर पेट्रोल पोचत नाही. तीन गॅरेजमध्ये कुणी हा प्रश्न विचारला असता तर तुमचे तीस हजार वाचले असते.

दुसरी गोष्ट, हा बिघाड तिथंच, त्या वळणावर, गाडी तापलेली असतानाच पकडावा लागतो. गॅरेजला येईपर्यंत गाडी निवते आणि डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरावा तशी शहाण्यासारखी वागते. मग मिस्त्री अंदाजानं सामान बदलत सुटतो. तेव्हा पुढच्या वेळी गाडी सुरक्षित कडेला घ्या, मागे दगड किंवा त्रिकोण लावा, हँडब्रेक ओढा आणि पाच मिनिटांत तीन गोष्टी बघा. थांबून राहिलात तर पुरावा निघून जाईल.

पहिली गोष्ट, पेट्रोलच्या टाकीचं झाकण. ते हळूच फिरवा आणि कान द्या. आत हवा ओढल्यासारखा फुस्स आवाज आला, आणि झाकण सैल ठेवल्यावर गाडी लगेच चालू झाली, तर तुमचा चाळीस हजारांचा रोग त्या झाकणात आहे. टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी आत हवा जायला वाट लागते. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी नळी असते, काहींत झाकणातच बारीक छिद्र असतं. ती वाट बुजली, किंवा कुणी बाजारातलं कुलूपवालं बिनछिद्राचं झाकण बसवलं, की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. थांबलात की हवा हळूहळू कुठून तरी शिरते आणि गाडी चालू होते. एका जुन्या पेट्रोल जीपनं मला याच कारणासाठी तीन दिवस नाचवलं होतं. पंप खोलला, लाइन फुंकली, कार्ब्युरेटर दोनदा धुतला. शेवटी मालकाचा पोरगा म्हणाला, काका, पेट्रोल भरलं की ती दोन तास नीट चालते. पोरगं सातवीत होतं. मी झाकणाला सुईनं छिद्र पाडलं आणि त्या माणसाकडून मजुरी घेतली नाही, घ्यायची लाज वाटली.

झाकण निर्दोष असेल तर एअर फिल्टरचं टोपण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा आणि इंजिन बंद असतानाच कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर एकदा झपकन दाबायला सांगा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. उडाली तर बाउलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत, पेट्रोल आहे, म्हणजे संशय करंटवर. नाही उडाली तर पेट्रोल अडलंय. या वेळी आसपास विडी-सिगारेट नको, आणि हे बघून झाल्यावर टोपण परत बसवा, सांडलेलं पेट्रोल उडून जाऊ द्या, मगच पुढची ठिणगीची तपासणी. दोन्ही एकदम करू नका. घाईत भुवया जाळून घेतलेला एक पोऱ्या माझ्याकडे होता.

ठिणगीसाठी, डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीत मधोमध जी कॉइलची जाड वायर येते ती काढा. रबरी मुठीच्या पकडीत धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटर लांब ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, जाड, कडकडीत ठिणगी आली तर कॉइलपर्यंत सगळं नीट आहे. पिवळी, बारीक, अधूनमधून येणारी असेल किंवा मुळीच नसेल तर तिथंच घोडं पेंड खातंय.

माझा अंदाज विचाराल तर कंडेन्सर. तुमच्या यादीत चार वस्तू आहेत, त्यात कंडेन्सर नाही. डेल्कोत सीबी पॉइंटच्या (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन तोंडांच्या) शेजारी बसणारी ही बोटाच्या पेराएवढी डबी, आणि सगळ्यात जास्त छळ हीच करते. पॉइंट उघडताना ठिणगी पॉइंटवर न पडता कॉइलमध्ये दाब तयार व्हावा, हे तिचं काम. आतलं इन्सुलेशन कमजोर झालं की गार असताना ती नीट वागते आणि तापली की करंट गिळायला लागते. घाटात डेल्कोभोवतीची हवा तापते, वर चढावर वेग नाही म्हणून वारा नाही. अर्ध्या तासात निवली की पुन्हा बरी. तुमच्या गाडीची लक्षणं शब्दशः हीच आहेत. पॉइंटची तोंडं काळी-निळी पडली असतील, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलं असेल तर जवळपास खात्रीच.

पण नवा कंडेन्सर घालून मोकळं व्हा, असं मी म्हणणार नाही. आज मिळणारे बरेचसे नवे कंडेन्सर जुन्यापेक्षा वाईट असतात. एका लग्नाच्या आदल्या दिवशी मी एका फियाटमध्ये नवा करकरीत पॉइंट सेट आणि कंडेन्सर घातला. वरात मंगल कार्यालयापासून दोनशे मीटरवर अडकली, नवरदेव शेवटी स्कूटरवर गेला. तेव्हापासून मी भंगारातल्या गाड्यांचे जुने कंडेन्सर काढून, तापवून, मीटरवर तपासून डब्यात ठेवतो. साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड दाखवणारा आणि गरम केल्यावरही गळती न दाखवणारा ठेवायचा, बाकीचे फेकायचे. आणखी एक युक्ती आहे. कंडेन्सर डेल्कोच्या आत असायलाच हवा असं नाही. बाहेर, बोनेटच्या थंड कोपऱ्यात कॉइलजवळ नीट अर्थ करून बसवला आणि पॉइंटकडून येणाऱ्या टर्मिनलला जोडला तरी तेच काम करतो, आणि बदलायलाही दोन मिनिटं लागतात. दिसायला बरं नाही, पण घाट चढतो.

पॉइंटचंही तसंच. गॅप ०.४५ मिमीच्या आसपास ठेवतात. नव्या बाजारी पॉइंटची फायबरची टाच इतकी मऊ असते की पाचशे किलोमीटरमध्ये झिजते, गॅप मिटते, टायमिंग मागे येतं आणि गाडी तापते. मग मालक रेडिएटरला शिव्या घालतो. कॅमवर ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका लावला तर टाच दुप्पट टिकते, पण ते कुणी लावत नाही. रोटरही बघा, म्हणजे डेल्कोच्या टोपीखाली फिरून प्रत्येक प्लगला ठिणगी पोचवणारा तुकडा. पितळी पट्टी रिव्हेटनं बसवलेल्या स्वस्त रोटरमध्ये ठिणगी कधीकधी त्या रिव्हेटमधून आतल्या शाफ्टवर उतरते, आणि डोळ्यांना काही दिसत नाही.

झटक्यात बंद पडत असेल आणि कंडेन्सर चांगला निघाला तर वायरिंग. चावी चालू, पॉइंटची तोंडं एकमेकांना टेकलेली ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरी कॉइलच्या अधिक टोकाला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दाखवला तर तेवढा व्होल्टेज वाटेत कुठे तरी जळतोय. चावीच्या स्विचमध्ये, एखाद्या हिरव्या पडलेल्या जोडात, किंवा कुणी रेडिओसाठी सोलून चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरीत. तीस वर्षांवरच्या गाडीत किमान दोन टेप, एक अलार्म आणि एक मोबाइल चार्जर बसवून काढलेला असतो. प्रत्येकानं मागे एक टांगलेली वायर ठेवलेली असते. त्या सगळ्या उपटून काढणं हे मी कुठल्याही गाडीत सगळ्यात आधी करतो. इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टीही सोडवून, घासून परत बसवा. तिला कुणी हात लावत नाही, कारण तिचे पैसे सांगता येत नाहीत.

आता गाडी आचके देत मरत असेल तर. पंप इंजिनवर आहे आणि टाकी मागे, त्यामुळे मागून पुढे येणारी सगळी लाइन ओढीची. तिथं रबरी नळीला चीर गेली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, उलट पंप हवा ओढतो. म्हणून खाली वाकून बघणाऱ्याला सगळं कोरडं दिसतं आणि तो म्हणतो, लाइन ठीक आहे. टाकीजवळचे आणि पंपाजवळचे रबराचे छोटे तुकडे, तेवढेच बदला, क्लिपांसकट. शंभर-दोनशे रुपयांचं काम.

पंपावर ओलं फडकं टाकायची पद्धत पुणे-सातारा रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होती. फडकं टाकून दोन मिनिटांत गाडी चालू झाली तर पेट्रोलची वाफ होत होती, हे नक्की कळतं. पण फडकं हा उपाय समजू नका. पंप आणि इंजिनच्या मध्ये जाड इन्सुलेटर असतो, पंप बदलताना बऱ्याच जणांकडून तो हरवतो आणि त्या जागी कागदी पॅकिंग येतं. उष्णता सरळ पंपात शिरते. शिवाय इन्सुलेटर काढला की पंपाच्या दांड्याचा स्ट्रोकही बदलतो. तुमचा पंप नवा आहे ना? मग हे आधी बघा.

हल्लीच्या पेट्रोलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगायला हवं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि तुमची गाडी बनली तेव्हा त्याचा विचार कुणी केला नव्हता. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, पंपाचा पडदा आणि नळ्या लवकर जातात. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटा करून जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात, आणून ठेवतं. आणि पाणी ओढतं. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत तळाशी पाणी साठून कार्ब्युरेटरच्या आत पांढरी भुकटी दिसते. शिवाय शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे जुना जेट तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि चढावर इंजिन जास्त तापतं. मुख्य जेट एक माप मोठा घेतला की फरक कळतो. लिटरमागे ऊर्जाही सहा-सात टक्के कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणार, ते गॅरेजवाल्याच्या माथी मारू नका. नळ्या मागताना इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लुरो रबराच्याच मागा. आणि गाडी उभी ठेवायची असेल तर दर पंधरा दिवसांनी दहा किलोमीटर तरी फिरवा. जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करण्यानं नुकसानच होतं, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तेल कधी तापतच नाही.

तुमचा जुना कार्ब्युरेटर कुठे आहे? गॅरेजमध्ये राहिला असेल तर आज फोन करून मागून घ्या. हे मी अगदी कळकळीनं सांगतो. मूळ कार्ब्युरेटरची थ्रॉटलची दांडी झिजली असेल तर लेथवर पितळी बुश बसवून तो नव्यासारखा होतो. नव्या म्हणून मिळणाऱ्या नकलेत जेटची छिद्रं कशी पाडलीत ते देव जाणे. नियम करून टाका: गाडीतून काढलेली प्रत्येक वस्तू घरी यायची, भले तुटकी असो. काढलेल्या जुन्या भागाचं माप तरी मिळतं, आणि नवा माल फसवा निघाला तर परत जाता येतं.

सामानाचा प्रश्न पुढे अवघड होत जाणार आहे, हेही सांगून ठेवतो. पद्मिनीचे सुटे भाग इतकी वर्षं स्वस्त मिळाले ते तुमच्या-माझ्यामुळे नव्हे, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. कुर्ल्यातल्या कारखान्यात गाड्या बनणं थांबून पाव शतक होऊन गेलं, पण टॅक्सीवाल्यांना रोज ब्रेक शू, क्लच प्लेट, किंगपिन (पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं ती) लागत होते, म्हणून कुणी तरी बनवत होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला मुंबईत ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली, वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या रस्त्यावरून गेल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी पुण्याच्या नाना पेठेतल्या माझ्या ओळखीच्या दुकानदारानं फियाटचं कपाट रिकामं करून तिथं दुसऱ्या गाड्यांचं सामान लावलं. त्याला दोष देऊन काय उपयोग, महिन्याला दोन गिऱ्हाईकं येत असतील तर तो तरी काय करणार. आता जुना बाजार, कुर्ल्याचं भंगार आणि ओळखीपाळखी. आणि आमच्याकडचा मोठा आधार म्हणजे कोल्हापूर. उद्यमनगरात नमुना घेऊन गेलात तर बुश, पिन, पुली, वॉटर पंपाचा शाफ्ट, बोलाल ते लेथवर करून मिळतं. ओतकामाचा नमुना असेल तर तेही. फक्त नमुना हवा. म्हणून म्हटलं, जुनं टाकू नका.

इंजिनची मला काळजी नाही. १०८९ सीसीचं, ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोकचं हे साधं इंजिन. बोअर करून, मापाचे पिस्टन-रिंगा घालून पुन्हा उभं राहतं. मात्र हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, एकदा कडकडीत तापलं की वाकतं, म्हणून काटा वर गेला तर जवळ आलंय म्हणून रेटू नका. आणि कुणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलाय का ते बघा. ‘काढून टाका साहेब, गरमच होणार नाही’ हे वाक्य आमच्या धंद्यात शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात पाठ होतं. त्यामुळे गाडी थंडीत कधीच नीट तापत नाही, जास्त पेट्रोल खाते, सिलिंडर झिजतात, आणि खरं दुखणं, म्हणजे बोअरवेलच्या पाण्यानं क्षार बसून अर्धा बुजलेला रेडिएटर, तसाच राहतो. रेडिएटरवाल्याकडून टाक्या उघडून नळ्या सळईनं साफ करून घ्या, नंतर कूलंट आणि मिनरल काढलेलं पाणी एवढंच घाला.

ब्रेकबद्दल दोनच ओळी, पण त्या वाचाच. पुढच्या चाकांच्या रबरी होज बाहेरून चांगल्या दिसतात आणि आतून फुगून बंद होतात. मग ब्रेक लागतो पण सुटत नाही, एक चाक तापतं आणि गाडी एका बाजूला ओढते. घाट उतरून आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा, एकच चटका देत असेल तर तो होज बदला, शू घासत बसू नका. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी नवं, आणि तिथं चुकूनही इंजिन ऑइलचा थेंब जाता कामा नये, सगळी रबरं फुगून बसतील.

ग्रीस. किंगपिनला आणि खालच्या जोडांना ग्रीसचे निपल आहेत. नव्या गॅरेजमधल्या पोरांकडे ग्रीसगनच नसते, त्यांना ते निपल म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. एक हातगन विकत घ्या, दर हजार-दीड हजार किलोमीटरला स्वतः मारा. स्टिअरिंग जड झालंय, गाडी रस्त्यावर तरंगते, या तक्रारी निम्म्या तिथंच मिटतात. पाने घेताना एक लक्षात ठेवा, फियाटचे नटबोल्ट एमएमचे, अँबेसिडरचे इंचातले. अँबेसिडरवाल्या मिस्त्रीनं फियाटच्या भोकात इंची बोल्ट ठोकून आटे घालवलेले मी इतके पाहिलेत की बोल्ट हातानं पहिले चार फेरे सहज गेला नाही तर माझी पोरं आता आपोआप थांबतात. उस्तादांनी मला शिकवताना पान्याचा दांडा डोक्यात मारला होता त्याच कारणासाठी. मी पोरांना मारत नाही, पण बोल्ट मोडला तर तो ड्रिल करून काढायला त्यांनाच बसवतो.

आता ठेवायची की विकायची. हे पत्र्यावर ठरवा, इंजिनवर नाही. पायाखालचे मॅट उचला, फ्लोअरला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. भद्द आवाज आला तर पुटी आहे, लोहचुंबक चिकटत नसेल तर खात्री. मग गाडी उचलून पुढच्या सस्पेन्शनचे हात जिथं बॉडीला धरलेत ती जागा आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक बघा. दरवाजे सडले, डिकी सडली, ते पत्रेवाला करून देतो. पण ही पकडीची जागा गंजून पापुद्रे निघत असतील तर वर पत्रा ठोकून वेल्डिंग करणाऱ्याचं ऐकू नका. त्या गाडीत घरच्यांना बसवून खंबाटकी उतरायचं नाही. तशी असेल तर वहिनींचं बरोबर आहे, सुटे भाग कुणा पद्मिनीवाल्याला द्या आणि मोकळे व्हा. पत्रा शाबूत असेल तर माझं मत ठेवा असं आहे. तुम्ही चाळीस हजार चुकीच्या जागी घातले आहेत, उरलेलं काम माझ्या हिशोबानं त्याच्या पाव भागात होईल.

कागदांचंही मनात धरा. १९९२ ची नोंदणी म्हणजे २००७ ला पंधरा वर्षं झाली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पुढचं २०२७ ला. एप्रिल २०२२ ला मोटारीच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटू देऊ नका, दर महिन्याला दंड चढतो. दिल्लीतली पंधरा वर्षांची बंदी इथं लागू नाही, तेव्हा सोसायटीत कुणी घाबरवलं तर घाबरू नका. आणि व्हिंटेजची खास नोंदणी पन्नास वर्षांनंतरच मिळते, म्हणजे तुम्हाला २०४२ पर्यंत थांबावं लागेल.

एक वही करा. शंभर पानी, गाडीतच ठेवायची. तारीख, किलोमीटर, काय झालं, काय बदललं, कुणी बदललं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, मग शंभर किलोमीटर चालवा. तीन वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली तर कशानं झाली ते कधीच कळत नाही, आणि बिघडली तरी कळत नाही. तुमची तीन गॅरेजची बिलं असतील तर त्यावरून वहीची पहिली चार पानं आजच भरता येतील. मला शंका आहे की गाडी पहिल्यांदा घाटात बंद पडली त्याच्या महिना-दोन महिने आधी कुणी तरी ‘सर्व्हिसिंग’ करून पॉइंट-कंडेन्सर नवा घातला असणार. बिलात शोधा.

पुढच्या रविवारी गावी जाताना डिकीत तपासलेला एक कंडेन्सर, पॉइंटचा सेट, पॉलिश पेपर, मीटर, पाण्याचे दोन कॅन आणि जुनं फडकं ठेवा. चढाच्या सुरुवातीला घड्याळ बघा. गाडी थांबली तर आधी झाकण, मग पिचकारी, मग ठिणगी, याच क्रमानं, आणि जे दिसेल ते वहीत. ते मला कळवलंत की पुढचं सांगतो. आणि तोवर कुणी नवा कार्ब्युरेटर घालूया म्हणालं तर नको म्हणा.